सायकलवरून लॅबला: लॅपटॉप, डबा आणि पाऊस तिन्ही सांभाळणारी बॅग कोणती?

निळी_सायकल

नमस्कार.

पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. राहते कर्वेनगरला, संस्था पाषाण रस्त्यावर. नळस्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्त्याचा चढ, विद्यापीठ चौक आणि मग पाषाण रस्ता. एका बाजूचे साधारण ११ किलोमीटर होतात. डिसेंबरपासून रोज सायकलनेच जाते आणि मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे "स्कूटी घे" हा सल्ला कृपया नको.

प्रश्न बॅगेचा आहे. रोजचं सामान: १४ इंची लॅपटॉप, चार्जर, जाड पुठ्ठ्याची लॅब नोटबुक, तीन खणी डबा, लिटरची पाण्याची बाटली, बदलायचा कुर्ता, नॅपकिन. परवा सॅक वजनकाट्यावर ठेवली तर ६ किलो ८०० ग्रॅम भरली. उन्हाळ्यात पाठीवर कुर्ता चिंब व्हायचा आणि पोहोचल्यावर एसीत बसलं की अंग कसकसायचं. तेही चालवून घेतलं. पण गेल्या मंगळवारी जे झालं ते चालवून घेता येणार नाही.

चतुःशृंगीपाशी सर आली. सॅकवर रेनकव्हर होतं, नीट खेचून बसवलेलं. तरीही पोहोचल्यावर लॅपटॉपच्या कप्प्यात तळाशी पाणी. बराच वेळ कळेना कुठून शिरलं. मग लक्षात आलं की रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकतच नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीवरून उतरतं, सॅकची गादी ते पिऊन घेते, आणि लॅपटॉपचा कप्पा नेमका त्याच गादीला लागून असतो. लॅपटॉप जाड पाकिटात होता म्हणून वाचला. नोटबुक नाही वाचली. बॉलपेनने लिहिलेलं शाबूत आहे, पण जेल पेनने काढलेल्या दोन आलेखांच्या जागी आता निळे डाग आहेत. तीन आठवड्यांची मोजमापं होती ती. त्या दिवशी काही काम सुचलं नाही.

तर चांगली सॅक घ्यावी, की कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग, म्हणजे पॅनिअर? खर्च ३,००० च्या आत बसवायचाय. सायकल हायब्रिड आहे, डिस्क ब्रेक आहेत, सध्या कॅरिअर नाही.

गणेशखिंड

आधी कॅरिअर, मग बॅग. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात, माझे गेले आहेत.

तुमच्या फ्रेमवर मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर स्क्रूची भोकं आहेत का ते आज बघा. असतील तर चार ठिकाणी पक्कं बसणारं कॅरिअर घ्या. डिस्क ब्रेक असल्यामुळे साधं कॅरिअर कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या भागाला अडतं, म्हणून दुकानात "डिस्कवालं" असं स्पष्ट सांगायचं. त्याचा पाय थोडा बाहेर काढलेला असतो. नुसतं सीटच्या दांड्याला आवळून बसणारं कॅरिअर तुमच्या कामाचं नाही. ते साधारण १० किलोपर्यंतचंच असतं, बाजूला बॅग लटकवली की डुलतं, आणि खड्ड्यात फिरतं. चार ठिकाणी बसणाऱ्यावर बहुधा २५ किलो लिहिलेलं असतं. आकडा त्याच्या पट्टीवर कोरलेला किंवा छापलेला असतो, तो वाचूनच घ्या.

दुसरं, टाच. पॅनिअर लावल्यावर पॅडल मागे आलं की टाच बॅगेला लागते. पाय मोठा असेल किंवा फ्रेम आखूड असेल तर हमखास लागते. म्हणून बॅग दुकानात सायकलवर लावून, उलटं पॅडल मारून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पावसाळी_रेघ

मी उलट सांगणार. सॅक सोडू नका.

मी ४ वर्षं पॅनिअर वापरली आणि परत सॅकवर आले. कारण लॅपटॉप. कॅरिअरला सस्पेन्शन नसतं. पाठीवर असताना खड्डा आला की आपण नकळत सीटवरून उठतो, गुडघे वाकतात, धक्का शरीर पचवतं. पॅनिअरमधला लॅपटॉप तो धक्का जसाच्या तसा घेतो. आणि सध्या विद्यापीठ चौकाच्या आसपासचा रस्ता कसा आहे ते तुम्हाला रोज दिसतंच. माझ्या लॅपटॉपचा खालचा कोपरा असाच चेपला, बिजागरी सुटली.

शिवाय उतरल्यावर काय? पॅनिअर हातात धरून तीन जिने चढून बघा. हूक मांडीला टोचतात, मांडीवर चिखल लागतो. लॅब, कँटीन, ग्रंथालय असं दिवसभर फिरणाऱ्या माणसाला सॅकच सोयीची.

पाणी आत जाण्यावर उपाय साधा आहे. रेनकव्हरवर विसंबू नका, आतून बांधा. सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी, तिच्यात सगळं, तोंडाला तीन पीळ देऊन दुमडायचं आणि रबर लावायचं. पाठीकडून पाणी आलं तरी आतलं कोरडं.

गणेशखिंड

पावसाळी ताई, लॅपटॉपचं म्हणणं मान्य, पण कोपरा चेपला तो पॅनिअरमुळे की लॅपटॉप थेट बॅगेच्या तळावर उभा होता म्हणून? तळाशी जाड फोम टाकून पाकीट वरून टांगलं की धक्का खूप कमी होतो. आणि आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, आत फिरणारी तबकडी नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र तुमची भीती शंभर टक्के खरी आहे. कुणी बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क रोज नेत असेल तर ती अंगावरच्या बॅगेत ठेवा.

पावसाळी_रेघ

हो, थेट तळावर होता. टांगायचं सुचलं नव्हतं तेव्हा.

पेठेतला

मी १९७४ ते ७६ विद्यापीठात एमएस्सीला होतो, शनिवार पेठेतून सायकलने जायचो. तेव्हा बॅग हा प्रश्नच नव्हता. कॅरिअरला स्प्रिंगचा चाप असायचा आणि त्यावर जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. वह्या, डबा, पावसात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं जर्नल, सगळं त्या पट्टीखाली.

ट्यूबची पट्टी आजही विकतच्या हुकवाल्या रबरापेक्षा बरी. पंक्चरवाल्याकडे बाद ट्यूब मागायची, लांबीला उभी चिरायची, दोन बोटं रुंद पट्ट्या काढायच्या. हूक नसल्यामुळे ती सुटून डोळ्याला लागायची भीती नाही. एक टोक कॅरिअरला कायमचं बांधून ठेवायचं, म्हणजे हरवत नाही. मात्र सैल टोक लोंबकळू देऊ नका. स्पोकमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. हे मी लकडी पुलावर अनुभवलं आहे, हनुवटीला टाके पडले होते.

निळी_सायकल

पेठेतले काका, ट्यूबची युक्ती उद्याच करते.

फ्रेमवर भोकं आहेत, बघितली. चारही.

ताळगाव_पठार

गोव्याहून लिहितोय. पणजीहून विद्यापीठाच्या पठारावर रोज चढून जायचो, एमएससीची दोन वर्षं. पुण्यात वर्षाला ७००-७५० मिमी पाऊस, आमच्याकडे ३,००० च्या आसपास, त्यामुळे पावसाबद्दल थोडं अधिकाराने बोलतो.

"वॉटरप्रूफ" हा शब्द चिठ्ठीवर वाचून काही ठरवू नका. बॅगेची चेन, म्हणजे झिप, कुठे आहे ते बघा. ज्या बॅगेला वरच्या बाजूला चेन आहे ती गोव्याच्या पावसात २० मिनिटांत गळते, कापड कितीही चांगलं असो. चेनवर रबराची पट्टी असली तरी शेवटी रनर जिथे थांबतो तिथून पाणी शिरतं. तोंड गुंडाळून दोन्ही बाजूंना बक्कल लावायची बॅग, जिला रोल टॉप म्हणतात, तीच टिकते. किमान तीन वळसे. दोन वळशांत भागवलं की गळते, हे करून पाहिलं आहे.

पाणी किती अडतं याचा आयपीएक्स आकडा दिलेला असेल तर तोही बघा. आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडली तरी चालेल. सायकलला ७ ची गरज नाही.

आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी: धातूची चेन, धातूचं बक्कल, धातूचे हूक घेऊ नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात रनर जाम होतो. जाड प्लॅस्टिकच घ्या.

रात्रपाळी

कापडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. बॅगेवर ६०० डी, १००० डी असं लिहितात, ते डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे तो धाग्याच्या जाडीचा आकडा आहे, पाणी अडवण्याचा नाही. पाणी अडवतो तो आतून दिलेला लेप. स्वस्त बॅगांत तो पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत, उन्हात, बंद कपाटात तो दोन-चार वर्षांत फुटतो. आधी चिकट होतो, मग पांढरे पापुद्रे निघून सगळ्या कपड्यांना लागतात. जुनी सॅक आतून चिकट लागत असेल तर तिचं रेनप्रूफपण संपलं समजा. ओली सॅक घडी घालून ठेवू नका, उलटी करून पंख्याखाली वाळवा.

शिलाई_मशीन

आमच्या घरी तीन पिढ्या बॅगा शिवण्याचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गळती कापडातून क्वचित होते, ती शिलाईतून होते. सुई जिथे जिथे जाते तिथे भोक पडतं, आणि एका बॅगेला अशी हजारो भोकं असतात. महागड्या पॅनिअरना शिलाई नसते, कापडाच्या कडा उष्णतेने एकमेकींत वितळवून जोडलेल्या असतात. जर्मनीच्या ऑर्टलिब कंपनीचं मूळ कापड म्हणजे ट्रकवर टाकतात ती ताडपत्री. संस्थापक हार्टमुट ऑर्टलिब यांना सायकल सहलीत भर पावसात ट्रकवरची ताडपत्री बघून ते सुचलं, आणि १९८२ साली कंपनी उभी राहिली.

ताडपत्री तर आपल्याकडे रविवार पेठेत मीटरवर मिळते. म्हणून सांगते, ३,००० मध्ये बसवायचं असेल तर शिवून घ्या. ही पद्धत वापरा:

पीव्हीसीची, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत ताडपत्री घ्यायची. निळी-पिवळी विणलेली, चौकटी दिसणारी नको, ती दुमडली की घडीवर फुटते. समोरची बाजू, तळ आणि मागची बाजू हे एकाच सलग तुकड्याचं करायचं. तळाला शिलाई अजिबात नको, कारण पाणी तिथेच साचतं आणि चाकाचा फवारा तिथेच बसतो. शिलाई फक्त दोन उभ्या कडांना. टाका मोठा ठेवायला सांगा, साडेचार-पाच मिलिमीटरचा. बारीक टाका घातला की ताडपत्री टपाल तिकिटासारखी त्या रेषेवर फाटते. शिलाईवर आतून त्याच कापडाची दोन बोटं रुंद पट्टी पीव्हीसीच्या सोल्यूशनने चिकटवायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायची. मागच्या बाजूला आतून ५ मिमीची प्लॅस्टिक शीट, हूक त्या शीटमधून बोल्टने आवळायचे, म्हणजे कापडावर ताण येत नाही. बोल्टखाली रबराचा वॉशर विसरू नका. वरची उंची भरपूर ठेवा, कारण तीन वळशांतच १२-१५ सेंटिमीटर जातात.

हूक घरी वाकवून करू नका. स्प्रिंगची कडी असलेले तयार मिळतात, ते घ्या. आणि खाली एक आडवा हूक हवाच. तो नसेल तर बॅग वरच्या दोन हुकांवर झोका घेते आणि मोठ्या खड्ड्यात उडून रस्त्यावर पडते.

कालव्याकाठी

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला मास्टर्स करतोय, मूळचा साताऱ्याचा. इथली रीत सांगतो, कारण तिने सॅक की पॅनिअर हा माझा प्रश्न मिटवला.

इथे कॅरिअरवर दोन्ही बाजूंना खोगिरासारखी पडणारी मोठी, उघड्या तोंडाची जोडपिशवी असते. ती सायकलवरून कधीच काढत नाहीत. पावसात भिजते, उन्हात वाळते, वर्षानुवर्षं तिथेच. आपली नेहमीची सॅक तिच्यात ठेवायची, पोहोचलं की उचलून खांद्याला लावायची. पाठ मोकळी, आणि उतरल्यावर हातात बोजा नाही. बाहेरच्या पिशवीने पाणी अडवावं अशी अपेक्षाच नसते, ते काम सॅकच्या आत बांधलेली पिशवी करते.

पुण्यात कायमची लावून ठेवलेली पिशवी चोरीला जाईल का, ते तुम्ही ठरवा.

पावसाळी_रेघ

हे पटलं. मी पॅनिअर सोडली ती उचलून नेण्याच्या त्रासानेही. सॅकच तिच्यात बसत असेल तर माझे निम्मे आक्षेप गेले.

गणेशखिंड

एकच बॅग लावणार असाल तर डावीकडे लावा. उजवीकडे चेन आणि गिअर आहेत, काळं तेल बॅगेला लागतं, आणि ओव्हरटेक करणारे त्याच बाजूने घासून जातात.

आता त्रास येईल तो स्टँडचा. साइड स्टँड डावीकडे, वजनही डावीकडे, त्यात पुढचं चाक वळलं की सायकल आडवी. त्यावर युक्ती: ट्यूबचा एक छोटा गोल तुकडा मुठीवर चढवून ठेवा. लावताना पुढचा ब्रेक दाबून तो तुकडा लिव्हरवरून ओढून घ्यायचा. चाक पुढेमागे सरकत नाही, सायकल उभी राहते.

डबेवाली_नाही_पण_डबा_आहे

डब्याबद्दल. कृपया, लॅपटॉप आणि डबा एका कप्प्यात नको. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यावर आमटी सांडली होती, प्राध्यापकांना तशीच दिली कारण परत छापायला वेळ नव्हता. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

उभा, सिलिकॉनच्या रिंगचा आणि चारही बाजूंनी चापाचा डबा घ्या. बाटली आणि डबा शेजारी उभे, त्यांच्यामध्ये कुर्ता खुपसायचा, म्हणजे दोघंही आडवे होत नाहीत. पोळी-भाजी असेल तेव्हा ठीक, रस्सा असेल त्या दिवशी डबा बॅगेत नको, सायकलच्या हँडलला कापडी पिशवीतही नको. वळताना पिशवी चाकात जाते. रस्सा नेऊच नका.

निळी_सायकल

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. उद्या रविवार पेठेत जाते. शिलाई ताई, किती कापड लागेल?

शिलाई_मशीन

दीड मीटर घ्या. तुकडा उरेल, तो फेकू नका, सीटवर टाकायला होतो.

निळी_सायकल (तीन आठवड्यांनी)

झालं सगळं, म्हणून सांगायला आले.

कॅरिअर डिस्कवालं मिळालं, १,१५० ला. ताडपत्री आणि शिलाईचे मिळून ८००, हूक ३५०, फोम घरात होता. एकूण २,३००. रविवार पेठेत तिसऱ्या दुकानात हवी तशी ताडपत्री मिळाली, राखाडी रंगाची. शिवायला आमच्या चौकातल्या बॅग दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. तळाला शिलाई नको म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग कापड टेबलावर पसरून खडूने स्वतःच आखायला लागले. मोठ्या टाक्याचं मी सांगायच्या आधीच त्यांनी मशीनचा खटका फिरवला होता. सोल्यूशन त्यांच्याकडचंच लावलं आणि पट्टीवर रात्रभर जुनी लोखंडी इस्त्री ठेवली.

पॅनिअर म्हणण्यापेक्षा ती कालव्याकाठी दादांची पिशवी आणि शिलाई ताईंची ताडपत्री यांचं मिश्रण झालंय. मोठी सॅक तिच्यात मावेना, म्हणून लॅपटॉप आणि नोटबुकपुरती छोटी सॅक ठेवली आहे, ती वरून टांगते. खाली दोन बोटं फोम. डबा आणि बाटली पुढच्या बाजूला, मध्ये कुर्ता. टाच लागत होती, म्हणून बॅगेवरचे हूक दोन सेंटिमीटर पुढे सरकवले. आता लागत नाही. रोज संस्थेत पोहोचल्यावर पूर्ण बॅग काढून वर नेते, कायम लावून ठेवायचा धीर झाला नाही.

काल परत चतुःशृंगीलाच सर लागली, थेट पाषाणपर्यंत. शेवटचे ३ किलोमीटर समोरचं नीट दिसत नव्हतं. लॅबमध्ये गेल्यावर आधी हात पुसले, मग बॅगेचे वळसे उघडले. पहिल्या दोन वळशांत पाणी होतं, ते जमिनीवर ओतलं. तिसरा कोरडा. नोटबुक बाहेर काढली आणि पानं अंगठ्याखालून सरकवून बघितली, त्यांचा तो कोरडा फरफर आवाज आला. आता सगळं बॉलपेननेच लिहिते. डागाळलेले दोन आलेख फिरून मोजमापं घेऊन पुन्हा काढले, या शुक्रवारी पूर्ण झाले.

पाठ रोज कोरडी नसते, सेनापती बापट रस्त्याचा चढ आहेच. पण कंबर दुखायची थांबली.

गणेशखिंड दादा, तुम्ही निरोपात माप मागितलं होतं, इथेच देते म्हणजे इतरांनाही होईल. वळसे दिल्यानंतरची उंची ४० सेंमी, रुंदी ३२, खोली १५. वळशांसाठी वर आणखी १४ ठेवलंय. वरच्या दोन हुकांमधलं अंतर १८, आणि दोन्ही हूक मधोमध न लावता पुढच्या कडेकडे सरकवलेत, म्हणजे बॅग आपोआप मागे जाते. १४ इंची लॅपटॉप उभा बसतो. १५.६ इंचीसाठी रुंदी आणि उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढवा.